फक्त बघायचा डबा

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वास सुटतो. शेडमधल्या गंधकाच्या धुरीचा, द्राक्षं बुडवून काढतात त्या तेलाचा आणि खाली गळून आंबलेल्या मण्यांचा. लोक त्याला सुगीचा वास म्हणतात. विश्रामबागेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई तर त्या रस्त्याने जाताना गाडीची काच खाली करतात, छातीभर श्वास घेतात आणि "किती छान, नाही?" म्हणून माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. माझं सगळं बालपण त्या वासात गेलं आणि तो मला कधीही छान वाटला नाही, हे त्यांना कशाला सांगा. आता तर त्या वासापाठोपाठ मला एक आवाज ऐकू येतो, बंद खोलीत कुणी ब्लोअर लावून फवारणी करतंय असा, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

तो आवाज माझ्या माहेरच्या डब्याचा आहे.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. काळं, चपटं, कोपऱ्यावर निळा दिवा. माझा धाकटा भाऊ प्रवीण पुण्यात नोकरीला होता, तेव्हा त्याच्या खोलीतला एक मित्र परदेशी गेला आणि जाताना ते याच्या गळ्यात टाकून गेला. पुढे नोकरी सोडून बाग बघायला प्रवीण तासगावला परत आला तो कपड्यांची बॅग आणि हा डबा घेऊन. अण्णा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. घरात येणारी प्रत्येक वस्तू ते दारातच थांबवून तपासतात, मग ती जावई का असेना.

"हे काय हाय?" अण्णांनी विचारलं.

"पिक्चर बघायचं मशीन हाय, अण्णा. पेनड्राइव्ह चालतो, सीडी चालती, नेटवरचं समदं दिसतं."

"आन हे दांडकं?"

"त्यानं खेळायचं. गेम असत्यात."

"ते न्हाई," अण्णा म्हणाले. "बघायचं तेवढं बघा. खेळायचं न्हाई."

संपलं. आमच्या घरात कायदे असेच होतात. सैन्यातून आलेल्या माणसाला बँकेच्या दारात बंदूक देऊन स्टुलावर बसवतात, तसं ते बिचारं मशीन आमच्या टीव्हीखाली बसलं. जगातल्या कुठल्याशा कारखान्यात हुशार माणसांनी डोकं आटवून ते बनवलं असणार, डोंगरावरून उड्या मारायला, गाड्या पळवायला. आमच्याकडे त्याच्यावर कीर्तन लागायचं.

सकाळ-संध्याकाळ कीर्तन, दुपारी आईच्या मालिका, आणि कुणी पाहुणं आलं की माझ्या लग्नाची सीडी. त्या सीडीइतकी हास्यास्पद गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. तीत एक गुलाब उमलतो आणि त्यातून माझं तोंड बाहेर येतं. मग बर्फाच्या डोंगरांवरून एक बदाम उडत जातो, बदामात माझा नवरा, सूट घालून, घामाघूम. लग्न तासगावात भर मे महिन्यात झालं होतं. आई ते पुन्हा पुन्हा बघायची आणि प्रत्येक वेळी डोळ्याला पदर लावायची. जुना डीव्हीडी प्लेअर त्या सीडीवर सारखा अडकायचा, हा डबा मात्र ती मुकाट्याने फिरवायचा, म्हणून आईच्या मनात त्याला मोठा मान. तिने त्याच्यासाठी क्रोशाचं पांढरं कव्हर विणलं. फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, मग याला का नको? कव्हर घातलं की डब्याचा जीव गुदमरायचा, आतला पंखा आणखी जोरात घोंघावायचा आणि थोड्या वेळाने टीव्हीवर काहीतरी इंग्रजी येऊन सगळं काळं व्हायचं. एका सव्वीस जानेवारीला ऐन परेडमध्ये तो असा बंद पडला. राजपुताना की शीख, कुठली तुकडी चालली होती हे अण्णांना कळलं नाही, आणि ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

आणखी एक सांगते. त्या दांडक्यावर फुली, गोल, चौकोन आणि त्रिकोण अशी बटणं आहेत. चालू करायचं तर फुली दाबायची. अण्णांना हे कधीच पटलं नाही. "फुली म्हंजे चूक," ते म्हणायचे. "चूक दाबून बरोबर कसं हुतंय?" म्हणून ते दांडक्याला हात लावायचे नाहीत. रोज संध्याकाळी बागेतून आल्यावर प्रवीण हातपाय धुवायचा, त्यांना हवं ते लावून द्यायचा आणि मग बाजूच्या खुर्चीत बसून तेच कीर्तन बघायचा. तिशी ओलांडलेला, एकट्याच्या हिमतीवर अख्खी बाग सांभाळणारा माणूस. मी माहेरी गेले की त्याला तसा बसलेला बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खेळण्याचा एवढा तिटकारा या घरात आला कुठून, याचा मी खूप विचार केला आहे. अण्णा पलटणीत व्हॉलीबॉल खेळायचे. त्याचा कप शोकेसमध्ये आहे, दर दसऱ्याला त्याला चिंच लावून घासतात. पण तो व्यायाम होता आणि कप मिळाला होता. ज्यातून कप मिळत नाही, पीक येत नाही, पगार येत नाही, ते आमच्याकडे करायचं नसतं. गंमत वाटते म्हणून काही करावं हे आमच्या बागायतदारांना चोरीसारखं वाटतं. दारात चारचाकी असते, फरशी आरशासारखी असते, सोफ्याचं प्लास्टिक मात्र वर्षानुवर्षं निघत नाही. भपका सगळा करायचा, मजा तेवढी करायची नाही. माझ्या माहेरच्या माणसांबद्दल मी हे लिहिते आहे आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

तर तो हंगाम. त्या वर्षी माल असा लागला होता की ओळीतून चालताना घड डोक्याला लागायचे. अवकाळी आला नाही, रोग आला नाही. अण्णांनी ठरवलं, माल वेलावर आहे तोवर प्रवीणसाठी मुलीकडची माणसं घर बघायला बोलवायची. आमच्याकडे ही पद्धतच पडली आहे. छाटणीनंतर बाग नुसती काटक्यांची दिसते, तेव्हा कुणी पाहुणे आणत नाही. घड भरले की मुलगा देखणा होतो. एवढं करूनही शेती करणाऱ्याला मुलगी मिळणं अवघड झालंय. पुण्यात फ्लॅट आहे का, हा पहिला प्रश्न. आणि पुण्यात फ्लॅट नसलेला पोरगा उलट पुणं सोडून आलाय म्हटल्यावर दुसरा प्रश्नच येत नाही. दोन ठिकाणांहून तसा नकार आला होता. प्रवीण बोलायचा नाही, पण त्याने लग्नाच्या पंगतींना जाणं बंद केलं होतं. लोक विचारतात म्हणून. एकदा शेडमध्ये बेदाणा हलवता हलवता तो मला म्हणाला होता, "ताई, माझ्या बाजूनं बोलायला कुणीतरी पायजे गं घरात." त्याला बायको हवी होती, एवढी साधी गोष्ट होती. तेवढीच होती.

वडूजची मुलगी सांगून आली. ऋतुजा. तिथल्याच एका खासगी शाळेत गणित शिकवणारी, भाऊ फौजेत. अण्णा 'भाऊ फौजेत' ऐकूनच अर्धे विरघळले. पत्रिका आधीच जुळली होती. रविवारी तिचे वडील, मामा आणि ती स्वतः घर बघायला येणार होते. हल्ली मुलगीही येते.

अण्णांनी मोहीम आखावी तशी तयारी केली. बागेचं ड्रोनने शूटिंग करून घेतलं होतं, ते पेनड्राइव्हवर होतं. पाहुणे सोफ्यावर बसले की समोर टीव्हीवर आपोआप बाग दिसली पाहिजे, वरून, संगीतासकट. आता टीव्ही लावून दांडक्याने फुल्या दाबत बसलं तर पाहुण्यांना वाटणार, पोरगा गेम खेळत बसतो. म्हणून असं ठरलं की प्रवीणने सकाळीच डब्यावर ते शूटिंग पुन्हा पुन्हा चालत राहील असं लावून ठेवायचं, टीव्ही तेवढा बंद करायचा, आणि पाहुणे आले की अण्णांनी टीव्हीच्या साध्या रिमोटने टीव्ही लावायचा. दांडक्याची भानगड नको. आईने ते दांडकं उचललं आणि तांदळाच्या डब्यात नेऊन पुरलं.

"अगं, दिसलं म्हंजे इचारत्यात," ती मला म्हणाली. मग पाहुणे येणार म्हणून तिने धुऊन इस्त्री केलेलं क्रोशाचं कव्हर आणून डब्यावर नीट चारी बाजूंनी बसवलं.

मी तिथेच होते. पोह्यांना कांदा चिरत होते आणि हे सगळं बघत होते. हसावं की रडावं, कळत नव्हतं.

पाहुणे आले. पाणी झालं, नमस्कार झाले. बाहेर ऊन चढायच्या आत बाग बघून या असं अण्णा म्हणाले, म्हणून आधी सगळे बागेत गेले. तो तासाभराचा प्रसंग मी मुद्दाम आठवते, कारण प्रवीण त्यात माणसासारखा वागला. वेलीखाली वाकून तो तिला सांगत होता, कुठला घड का ठेवला, कुठला का काढला. ती कोरडवाहू मुलखातली. तिने विचारलं, "एवढं पाणी एका वेलाला देता? आमच्यात त्यात अख्खी ज्वारी निघंल." तो मोठ्याने हसला. मी त्याचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकत होते. मग त्याने तिला एक मणी तोडून दिला, तिने तो खाल्ला आणि म्हणाली, "गोड हाय, पण तुमी सांगताय तेवढा न्हाई." आणि तो आणखी हसला. मी मनात म्हटलं, झालं, जमलं. मला भरून आलं होतं.

मग सगळे घरात आले. सोफ्यावर बसले. अण्णांनी शर्ट सारखा केला, टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं. टीव्ही लागला. काळा. मध्ये 'सिग्नल नाही' अशी पाटी. कव्हराखाली डबा गुदमरून केव्हाच बंद पडला होता. अण्णांनी रिमोट हातावर आपटला, पुन्हा दाबलं. पाटी तशीच. ऋतुजाचे वडील सभ्यपणे छताकडे बघू लागले.

"अगं ते दे की," अण्णा शेवटी आईला म्हणाले.

"काय?"

"ते गं. दांडकं."

आई स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्याच्या झाकणाचा आवाज बाहेर ऐकू आला. मग ती पदराखाली झाकून ते दांडकं घेऊन आली. बटणांच्या फटीत तांदूळ अडकले होते. मामा बघतच राहिले. "तांदळात ठेवता व्हय?" त्यांनी विचारलं.

दांडक्यात चार्जिंग नव्हतं. प्रवीण उगाच बटणं दाबत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तेव्हा ऋतुजा उठली, म्हणाली, "वायर लावा की त्याला," आणि तिने स्वतःच वायर शोधून जोडली, कव्हर काढून घडी करून आईच्या हातात दिलं, आणि डबा चालू केला. इतकं सहज, की घरातलीच वाटावी. अण्णांच्या कपाळावर आठी पडली ती मी पाहिली.

पडद्यावर चौकोनी चित्रांची रांग आली. अगदी शेवटी जे लावलं असेल ते पहिलं, त्याच्या आधीचं दुसरं, अशी ती रांग असते. पहिलं चित्र व्हिडिओचं होतं. त्याला लागून एक मोटारींच्या शर्यतीचा गेम, मग फुटबॉलचा. हंगामात आई-अण्णा दुपारी शेडवर गेले की प्रवीण घटकाभर खेळायचा. मला माहीत होतं, त्यानेच सांगितलं होतं. ती चित्रं काय आहेत असं अण्णांनी एकदा विचारलं तेव्हा त्याने ठोकून दिलं होतं की कंपनीच्या जाहिराती आहेत. अण्णांनी त्यावर विश्वास ठेवला होता. मोठा कडक सुभेदार!

दांडक्यावरचं ऋतुजाचं बोट त्या शर्यतीच्या चित्रापाशी थांबलं. ती वळली. चेहऱ्यावर हसू होतं, छान मोकळं, चिडवणारं.

"हे खेळता तुमी?" तिने प्रवीणला विचारलं. "दादा सुट्टीवर आला की आमीबी खेळतो. लय मजा येती."

"आमच्यात गेम-बिम कोण खेळत न्हाई," अण्णा मध्येच म्हणाले. "त्या जाहिराती हायत."

तिने अण्णांकडे पाहिलं नाही. प्रवीणकडेच पाहत राहिली. "व्हय?" तिने पुन्हा विचारलं. आवाज खाली आणून, फक्त त्याला.

त्याने अण्णांकडे बघितलं. मग तो म्हणाला, "व्हय. जाहिराती हायत."

तिने मान डोलावली आणि शूटिंग लावून दिलं. वरून आमची बाग दिसायला लागली, हिरवीगार, सनईच्या संगीतात. सगळ्यांनी छान छान म्हणत ती शेवटपर्यंत पाहिली. ती मात्र दांडक्याच्या फटीतले तांदळाचे दाणे नखाने एक एक काढत बसली होती.

पाहुणे गेले आणि घरात न्यायनिवाडा सुरू झाला. आई म्हणाली, पोरगी गोरी आहे. अण्णा म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पण जरा पुढची हाय. लोकाच्या घरात पयल्यांदा आली आन मशीन उघडून बसली. उद्या हितं गेम लावून बसली म्हंजे भाकरी कोण थापणार?" मी म्हटलं, "अण्णा, ती आली नसती तर तुमची बाग कुणाला दिसली असती?" तर मी शहरात जाऊन शेफारले आहे असं ठरलं. तिसऱ्या नकाराच्या वाटेवर असलेलं घर एका मुलीला नाकारायला बसलं होतं, कारण तिला वायर जोडता येते. त्या दिवशी या माणसांची मला शिसारी आली. नकार द्यायचा तर कारण काय सांगायचं, यावर खल झाला. पत्रिका जुळत नाही म्हणून सांगू, असं ठरलं. जुळलेली पत्रिका! आणि ज्याचं लग्न, तो कोपऱ्यात मूग गिळून बसला होता. मी त्याला मागच्या दारी गाठलं आणि विचारलं, "तुला आवडली का रं ती?" तो म्हणाला, "लय." मी म्हटलं, मग बोल की. तर म्हणे, "अण्णांचं काय ते ठरू दे."

दुसऱ्या दिवशी मला तिचाच फोन आला. स्वयंपाकघरात आम्ही नंबर दिले-घेतले होते.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "आमच्याकडनं न्हाई म्हणून सांगणार हायत मामा. तुमाला आधी सांगावं वाटलं."

"गेममुळे?" मी विचारलं.

"न्हाई वो. खेळू दे की. मला तर बरंच वाटलं हुतं ते चित्र बघून. पण ताई, मी दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा त्यांना सोडवायला इचारलं हुतं. एवढ्याशा गोष्टीला ते वडलांच्या तोंडाकडं बघत्यात. उद्या माझ्यावर काय आलं, तर तवा कुणाकडं बघतील?"

"राग न्हाई गं," एवढं म्हणून मी फोन ठेवला.

मामांचा फोन आला तेव्हा अण्णा संतापले. "आमाला न्हाई म्हणत्यात? आपण सांगणार हुतो की न्हाई!" याचंच त्यांना दुःख. प्रवीण त्या दिवशी शेडमध्ये गेला आणि संध्याकाळपर्यंत बेदाणा हलवत राहिला. हलवायची गरज नव्हती, सकाळीच बायका हलवून गेल्या होत्या. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले, तर त्याने तोंड फिरवलं. मला त्याची दया आली आणि दयेहून जास्त राग आला. अजून येतो.

पुढच्या हंगामांत आणखी स्थळं आली आणि गेली. ऋतुजाचं लग्न झालं, कऱ्हाडला असते म्हणे. माहेरी नवा टीव्ही आला, त्याच्यातच सगळं दिसतं. डब्याची आता गरजच उरली नाही, पण नव्या टीव्हीवर सीडी चालत नाही, म्हणून माझ्या लग्नासाठी तो तिथेच आहे. बर्फावरून बदाम उडतो आहे.

परवा आईचा फोन आला. रविवारी मिरजेकडचे पाहुणे येणार आहेत, माल भरात आहे, तू ये. मग प्रवीणने फोन घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, अण्णा म्हणत्यात, हल्लीच्या पोरींना गेम खेळणारी पोरं आवडत्यात. पाहुणं आलं की गेम लावून बस, म्हणत्यात. पोरगी आली की तिलाबी खेळ म्हणायचं."

वडूजच्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग मी त्याला विचारलं, "ते राहू दे. तुला खेळायचंय का, ते सांग."

मला वाटलं, आता बोलेल. शिवी देईल, रडेल, काहीही करेल, पण स्वतःचं काहीतरी बोलेल.

"थांब हां ताई," तो म्हणाला. "अण्णांना इचारून सांगतो."